मनू, ती डिग्री घे, पण एक विषय मुळापासून शिक

प्रिय मनू,

काल फोनवर नीट बोलणं झालंच नाही, बाबा मध्येच बोलायला लागले आणि तू एकदम गप्प झालीस, ते मला कळलं गं. म्हणून लिहूनच पाठवतेय, सावकाश वाच, लगेच रिप्लाय नको. पाऊस सुरू झालाय, पेट्या-बिट्या सगळं आवरून झालं, बागेत आता फार काम नाही.

आधी हे सांगते की माझा तुला पाठिंबा आहे. पर्यावरण, डेटा आणि समाजशास्त्र असं एकत्र असलेला तो खासगी युनिव्हर्सिटीतला चार वर्षांचा कोर्स तू घ्यावास असं मला मनापासून वाटतं. बाबांचं म्हणणं एवढंच की धड ना सायन्स धड ना आर्ट्स, उद्या नोकरीला कोण विचारणार. त्यांना तुझी काळजी वाटते म्हणून ते बोलतात, आणि तो प्रश्न चुकीचा पण नाही, त्याच्यावर मी खाली लिहिलंय. पण त्याआधी मला हे का पटलंय ते वाच.

आपल्या फळपीक विम्याचंच घे. हा विमा हवामानावर आधारित आहे, म्हणजे झाडावरचा किती आंबा गेला हे बघायला कोणी बागेत येत नाही. महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, जे ऑटोमॅटिक हवामान केंद्र बसवलेलं असतं तिथले आकडे बघतात, ठरलेल्या तारखांमध्ये अवेळी पाऊस किती, तापमान किती खाली गेलं, किती वर चढलं, वारा किती, आणि तो आकडा ट्रिगरच्या, म्हणजे आधी ठरवलेल्या मर्यादेच्या, पलीकडे गेला तरच पैसे. आता आपली कलमं वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवर, कातळात, आणि आपल्या मंडळाचं केंद्र खाली खाडीच्या अंगाला. ज्या वर्षी उन्हाने आपली कणी, म्हणजे नुकती धरलेली बारीक फळं, गळली, झाडाखाली वाटाण्याएवढ्या कैऱ्यांचा नुसता खच पडला होता, बाबा सकाळी जाऊन हातात घेऊन बघत बसायचे, त्या वर्षी खाली केंद्रावर तापमान ट्रिगरपर्यंत पोचलंच नाही. कागदावर आपलं काही नुकसान झालेलंच नाही. तेव्हा तू दहावीत होतीस आणि तूच विचारलं होतंस की मग केंद्र वर का नाही बसवत, की खालच्या आकड्यावरून वरचं तापमान काढता नाही येत का.

तो प्रश्न माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. कारण त्याचं उत्तर एका विषयाच्या माणसाकडे नाहीच आहे. जांभ्याचा कातळ किती तापतो आणि खाडीचा वारा किती आत येतो हे हवामानवाल्याला कळेल, पण कणी नेमकी कुठल्या टप्प्यात किती ऊन सोसते हे झाडाचा अभ्यास केलेलाच सांगणार. ट्रिगर कुठे ठेवला तर हप्ता किती होईल हे स्टॅटिस्टिक्सवाला काढणार. केंद्र कुठे बसवायचं हा सरकारी धोरणाचा भाग. आणि ज्याची बाग खंडाने घेतलेली आहे, सातबारावर नाव दुसऱ्याचं, त्याला या विम्यातून काय मिळतं हे घरोघरी जाऊन विचारल्याशिवाय कोणालाच कळणार नाही. हे सगळे लोक आहेत गं, पण एकमेकांशी बोलत नाहीत, त्यांची भाषाच वेगळी. या सगळ्यांचं म्हणणं समजून एका टेबलावर मांडेल असा माणूस लागतो, आणि त्या कामाला पगार आहे, विमा कंपन्यांत आहे, पुनर्विमा म्हणून विमा कंपन्यांचा विमा उतरवणाऱ्या कंपन्या असतात तिथे आहे, शेतीचं सॉफ्टवेअर करणाऱ्यांकडे आहे.

साका म्हणजे हापूस आतून बिघडतो त्याचं पण तसंच. वरून हापूस एकदम तयार, रंग चढलेला, वास घमघमतोय, आणि कापला की कोयीजवळ पांढरट स्पंजासारखा आंबट गर. वरून काहीच कळत नाही, हेच दुखणं. दापोलीच्या विद्यापीठाने नीलम आणि हापूसच्या संकरातून साका न होणारा रत्ना काढला, म्हणजे जातीच्या अंगाने उत्तर शोधलं. दुसरीकडे न कापता एक्स-रेने किंवा इन्फ्रारेडने आतलं बघता येतं का यावर फिजिक्सवाले काम करतायत. आणि आम्ही इथे चौदा आण्याचा, म्हणजे पूर्ण पिकायच्या थोडा आधीचा, आंबा उतरवायचा, उन्हात ठेवायचा नाही, एवढं सांभाळतो. एकच फळ, पण त्याच्याकडे किती बाजूंनी बघावं लागतं बघ.

आणि हे काही आजचं फॅड नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी, आपल्या बाजूच्या गोव्यातले, १९०७ चा जन्म, फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे. त्या माणसाने जुनी नाणी हजारोंनी तराजूत घालून वजन केली, कारण नाणं जितकं हातातून हातात फिरतं तितकं झिजतं, मग झिजेवरून नाण्यांचा काळ काढता येईल का, असा तो गणिताचा विचार. त्यातून ते इतिहासात शिरले ते शिरलेच. आणि १९४४ मध्ये त्यांनी मांडलेलं सूत्र आजही गुणसूत्रावर जीन्सचं अंतर काढायला वापरतात, कोसंबी फंक्शन म्हणूनच ते ओळखतात. पण एक लक्षात घे मनू, तो माणूस आधी गणितात पक्का होता. मला तुला मुख्य सांगायचंय ते हेच.

या कोर्सेसमध्ये धोका कुठे आहे माहितेय? पहिल्या वर्षी सगळंच छान वाटतं, थोडं इकॉनॉमिक्स, थोडी इकॉलॉजी, थोडं कोडिंग, आणि चौथ्या वर्षी कळतं की सगळ्याबद्दल बोलता येतं पण स्वतःच्या हाताने करता काहीच येत नाही. तू तसं होऊ देऊ नकोस. पुण्याचं आयसर बघ, विज्ञान शिकवणारी केंद्राची संस्था, २००६ चं, तिथे पण सुरुवातीला गणित, फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी सगळं सगळ्यांना करावं लागतं पण नंतर मुलं एका जागी खोल जातात. बंगळूरच्या आयआयएससीचा २०११ ला सुरू झालेला चार वर्षांचा कोर्स पण तसाच, मेजर, म्हणजे मुख्य विषय, धरावाच लागतो. तू स्टॅटिस्टिक्स धर असं मला वाटतं, तुझं गणित चांगलं आहे आणि ते कुठेही चालतं. त्याच्या जोडीला जीआयएस शीक, म्हणजे नकाशावर माहिती चढवायचं काम. सीआरझेडचे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांचे, नकाशे, पूररेषा, कांदळवनं, सगळीकडे तेच लागतं. इंटरव्ह्यूला 'मला हे करता येतं' म्हणून लॅपटॉप उघडून दाखवता आलं पाहिजे.

आता बाबांचा प्रश्न, नोकरीचा. कॅम्पसला कंपन्या रांग लावून येतील असं नाही, इंटर्नशिप तुलाच शोधायला लागणार, दर सुट्टीत. पण कामं आहेत. सेबीने शेअर बाजारातल्या पहिल्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरण आणि समाजावरच्या परिणामाचा अहवाल देणं सक्तीचं केलंय, तो अहवाल लिहायला आकडे आणि पर्यावरण दोन्ही कळणारी माणसं लागतात. हैदराबादचं इन्कॉइस आहे, सॅटेलाइटवरून समुद्राचं तापमान आणि क्लोरोफिल बघून मासे कुठे मिळतील त्याचा अंदाज काढतं आणि मच्छीमारांना त्यांच्या भाषेत देतं, मराठीत पण. तिथे समुद्राचा अभ्यास करणारा लागतो, कॉम्प्युटरवाला लागतो आणि बंदरावर जाऊन तांडेलाशी, म्हणजे होडीच्या म्होरक्याशी, बोलू शकणारा पण लागतो, तुला तर तिन्ही जमेल. आपली कातळशिल्पं २०२२ ला युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली, त्यात मालवण तालुक्यातलं कुडोपी पण आहे, आता ती जपायची तर पुरातत्त्व, भूगर्भ, ड्रोनचं मॅपिंग आणि ज्याच्या जमिनीत चित्र आहे त्याच्याशी नीट बोलणी, सगळंच आलं. पुढे मास्टर्स करायचं झालं तर समाजशास्त्रासाठीची टिस ही संस्था आहे, आयआयटी मुंबईचं सितारा हे केंद्र आहे, १९८५ पासून ते खेड्यातल्या प्रश्नांवर तंत्रज्ञानाचं काम करतायत.

सरकारी परीक्षांचं मात्र डोळे उघडे ठेवून बघ. एमपीएससीच्या राज्यसेवेला आणि यूपीएससीच्या सिव्हिल सर्व्हिसेसला कुठलीही पदवी चालते, तिथे अडचण नाही. पण वनसेवेला बॉटनी, झूलॉजी, केमिस्ट्री, जिऑलॉजी, मॅथ्स, स्टॅटिस्टिक्स अशा ठरलेल्या विषयांपैकी एक तरी पदवीला असायला लागतो, नाहीतर शेती किंवा इंजिनिअरिंगची पदवी. तू जंगलखात्याचं मध्ये मध्ये बोलतेस म्हणून सांगतेय, स्टॅटिस्टिक्स मेजर असेल तर ती वाट उघडी राहते. शिकवण्याच्या जागांना पण जाहिरातीत 'संबंधित विषयातली पदवी' असं असतं, आणि तिथे डिग्रीवर नाव काय छापलंय ते बघतात, तू आत काय शिकलीस ते नाही. म्हणून डिग्रीवर नेमकं काय लिहून येणार हे कॉलेजला ईमेल करून विचार, तोंडी उत्तर घेऊ नकोस.

पैशाचं पण लिहिते, लपवण्यासारखं काय त्यात. इंजिनिअरिंगला कॅपमधून, म्हणजे सरकारी प्रवेश फेरीतून, गेलीस तर आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींची फी २०२४ पासून सरकार भरतं, आपण त्यात बसतो. खासगी युनिव्हर्सिटीला ते लागू नाही. म्हणजे हा फरक मोठा आहे आणि बाबांच्या मनात तोच आहे, ते बोलून दाखवत नाहीत एवढंच. कर्ज काढायला माझी ना नाही, पीएम विद्यालक्ष्मी या सरकारी योजनेतून विनातारण मिळतं पण ते यादीतल्या संस्थांनाच, तुझी संस्था त्यात आहे का बघ. आणि नवीन धोरणात एक वर्षाने सर्टिफिकेट, दोन वर्षाने डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं, क्रेडिट बँकेत राहतात, हे चांगलंय, पण ती सोय आहे म्हणून मधेच सोडून यायचा विचार मनात आणू नकोस. तुझ्या यादीतल्या सरकारी कॉलेजचा फॉर्म पण भर, तिथे हेच मेजर-मायनर करून जवळजवळ तसंच शिकता येईल आणि खर्च पुष्कळ कमी. तिथे स्टॅटिस्टिक्स मेजर आणि पर्यावरण मायनर मिळत असेल तर माझं मत तिकडे जास्त आहे, खरं सांगते.

आता तू असं कर. दोन्ही ठिकाणचे आठही सेमिस्टरचे विषय पाठव, स्टॅटिस्टिक्सचे किती क्रेडिट आहेत त्याच्यावर खूण कर. तिथल्या शेवटच्या वर्षाच्या दोन-तीन मुलांशी बोल, प्लेसमेंट सेलशी नको, मुलांशीच, आणि त्यांनी सुट्टीत काय केलं ते विचार. आत्याला सांग झेरॉक्स काढून ठेवायला, उत्पन्नाचा दाखला मी तहसीलमधून काढून पाठवते. रविवारी संध्याकाळी फोन कर, बाबांना मी आधी बोलून ठेवीन, पण विम्याचं तू स्वतः सांग त्यांना, तुझ्या तोंडून ऐकलं की त्यांना पटेल. जेवण वेळेवर करत जा.

तुझी आई