खोबणीच्या मशीनसाठी पुन्हा एकदा आवाहन

स. न. वि. वि.

आळीतले सभासद, चाकरमानी आणि माहेरवाशिणी यांस,

मंडळाच्या शेडमधलं, लाकडात खोबण पाडणारं मशीन कुणाला नव्याने सांगायला नको. त्याच्या पायडलावर झोके घेतले म्हणून आबांचा मार खाल्लेले निदान वीसजण आज ग्रुपवर आहेत. त्याच पायडलाचा बिडाचा दांडा शिमग्याआधी मधोमध चिरला. तेव्हापासून मशीन गोणपाटाखाली आहे.

सभेत एकजण म्हणाले, "बटणावर चालणारं मिळतं की आता, हे भंगार कशाला?" तेव्हा मी गप्प बसलो, आता सांगतो. इंग्लंडात पोर्ट्समथच्या गोदीत १८०० नंतरच्या चार-सहा वर्षांत इंजिनिअर मार्क ब्रुनेल यांनी जहाजांच्या कप्प्या करायची यंत्रं बसवली, ती घडवली यंत्रकार हेन्री मॉड्स्ले यांनी. कप्पीत खोबण पाडणारं यंत्र त्यातलंच. ११० माणसांचं काम १० जण करू लागले. १८०८ साली १,३०,००० कप्प्या निघाल्या! त्यातली काही यंत्रं लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये जपून ठेवली आहेत. ती वाफेवर चालायची, आपलं पायावर चालतं, पण घराणं एकच. आपल्याच मुंबई गोदीत १८१७ साली सागवानात बांधलेली युद्धनौका 'ट्रिंकोमाली'ही आज इंग्लंडातले हार्टलपूलकर सांभाळतात. जुनं जपायचा मक्ता काय त्यांनीच घेतलाय?

मागे आयटीआयची पोरं आली होती. लाकूड शिकंज्यात धरलं, पायडल दाबलं, किंकरं (खोबण पाडायची जाड पटाशी) खाली. सोडलं की स्प्रिंगने वर. हातचाकाने लाकूड सूतभर पुढे, परत दाब. खोबणीच्या टोकाला आल्यावर नानांनी किंकरं अर्धा फेरा फिरवलं आणि दुसरी भिंतही पहिलीसारखी ओळंब्यात उतरली. कुसू (खोबणीत बसणारं लाकडाचं टोक) हाताने दाबला तर घट्ट बसला. एका पोराने मोबाइल खिशात टाकला आणि स्वतः पायडलावर उभा राहिला.

ही शेड उभी राहिली ती गिरणगावातल्या आपल्या माणसांच्या मनीऑर्डरींवर. खोलीत दहाजण झोपायचे, पण पगार झाला की मंडळाचे पाच रुपये आधी बाजूला. धाकट्या गुरुजींनी पेन्शनमधून लाद्या घातल्या. रेल्वेतून निवृत्त झालेल्या भाऊंनी मागच्या खेपेला स्प्रिंग बसवून दिली, गाडीभाडंसुद्धा घेतलं नाही. मोठ्या वहिनींनी सलग तीन वर्षं हळदीकुंकवाचं वाण न लुटता ते पैसे इथे दिले. या ऋणातून मंडळ कधी उतराई होणार नाही.

गेल्या वर्षीच्या आवाहनाला अंगठे भरपूर आले. पैसे सातजणांचे आले. असो.

बिडाला साधं वेल्डिंग धरत नाही, दांडा नवा ओतावा लागेल. फर्मा (ओतकामाचा लाकडी नमुना) आपलेच सुतार फुकट करतील, ओतकाम कोल्हापुरात. ओतकाम-मशीनिंग १४,०००, तीन किंकरी ६,०००, पत्रे १८,०००, एकूण ३८,००० रु.; शिल्लक ९,५००, कमी २८,५००. रोख खजिनदारांकडे वा मंडळाच्या नेहमीच्या खात्यावर, पावती मागून घ्या. मिरगाच्या आत पत्रे चढले पाहिजेत, शेड गळते. पैसे जमत नसतील तर सागवानाचे तुकडे, जुनी किंकरी, दोन दिवसांची मजुरीही चालेल.

भंगारवाला दोनदा वजनकाटा घेऊन येऊन गेला आहे. दर रविवारी सकाळी मी शेडवर असतो.

आपला,
चिटणीस