व्यसनमुक्तीनंतरचा पाठपुरावा हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमली पदार्थ सोडलेला मुलगा पुन्हा घसरला की, जळगाव-धुळ्यात काय आणि तापीकाठच्या खेड्यांत काय, ‘हा आता सुधारायचा नाही’ असा निकाल भाऊबंद लगेच देऊन टाकतात. हा निकाल मला अन्यायाचा वाटतो. व्यसनाधीनता हा आजार आहे आणि अमेरिकेतील अमली पदार्थांच्या व्यसनावर संशोधन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या (एनआयडीए) माहितीनुसार उपचारांनंतर ४० ते ६० टक्के रुग्णांत तो उलटतो, म्हणजे साधारण उच्च रक्तदाब किंवा दम्याइतकाच. तरीही कायमचे सावरलेले लोक आहेत. पुण्यात १९८६पासून चालणाऱ्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात बरे झालेले कित्येक जण पुढे तिथेच कार्यकर्ते झाले.

खरा धोका दुर्लक्षाचा आहे. काही काळ नशा थांबल्यावर शरीराची सहनशक्ती घटते, त्यामुळे हेरॉइनसारख्या पदार्थाची पूर्वीची मात्राही जीव घेऊ शकते. म्हणून घसरलेल्या मुलाला अब्रूपायी लपवू नये, १४४४६ या शासकीय मदतवाहिनीवर फोन करून पुन्हा उपचार सुरू करावेत. खानदेशातील तिन्ही जिल्हा रुग्णालयांनी घरी परतलेल्या रुग्णांचा, आणि त्यांच्या आईवडिलांचाही, निदान वर्षभर नियमित पाठपुरावा करावा, अशी कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, अमळनेर (जि. जळगाव)