मणक्यातल्या तारेची आधी ट्रायल मिळते, हे पेशंटला सांगा की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शहापुरात माझं छोटं मेडिकल आहे. काउंटरवर नसांच्या गोळ्या, म्हणजे प्रिगाबालिन, गॅबापेन्टिन, रोज जातात, आणि त्या घेणारी माणसं बघितली की वाईट वाटतं. खानापूरकडं भातलावणीत वाकून कंबर गेलेल्या बायका, निपाणीच्या विडी कामगार, शुगर असलेले रिटायर्ड मास्तर. "पाय दुखालाय न्हवं हो, जळालाय नुसता", असं सांगतात. यातल्या काहींचं मणक्याचं ऑपरेशन झालेलं असतं, नवीन एमआरआयमध्ये नस मोकळी दिसते, तरी पायातली आग तशीच, मग घरचे म्हणतात सगळं मनाचं आहे. मनाचं कसलं? दबून दबून किंवा साखरेनं नस स्वतःच बिघडली की जखम नसतानाही ती दुखण्याचे सिग्नल पाठवत राहते, आणि अशा दुखण्यावर साध्या पेनकिलरचा फारसा उपयोग होत नाही, किडनीवर ताण तेवढा पडतो.

अशा लोकांसाठी स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेशन म्हणून एक उपचार आहे. मोठ्या शहरातल्या पेन क्लिनिकमध्ये होतो, पण आपल्याकडं त्याचं नावसुद्धा कुणी काढत नाही. मणक्याच्या आत, मज्जारज्जूच्या वेष्टणाच्या बाहेर जी जागा असते तिथं सुईतून बारीक तार सरकवतात आणि कमरेच्या वर किंवा ढुंगणाच्या वरच्या बाजूला कातडीखाली पेसमेकरसारखी बॅटरी बसवतात. त्यातून अगदी हलका करंट मज्जारज्जूच्या मागच्या बाजूला जात राहतो. दाराला कोपर आपटलं की आपण आपोआप चोळतो आणि जरा बरं वाटतं ना, त्यामागचं कारण मेलझॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडलं: स्पर्शाच्या जाड नसा जाग्या झाल्या की मज्जारज्जूतलं एक गेट बंद व्हायला लागतं आणि बारीक नसांमधून येणारं दुखणं मेंदूपर्यंत कमी पोचतं. त्या विचारावरच १९६७ मध्ये अमेरिकेत नॉर्मन शीली या न्यूरोसर्जननी एका कॅन्सरच्या पेशंटला पहिलं असं यंत्र बसवलं. आता शास्त्रज्ञ म्हणतात की नुसतं गेटच नाही, आणखीही रासायनिक बदल होतात, आणि नव्या यंत्रांवरून ते खरंही वाटतं. जुन्या पद्धतीत सेकंदाला करंटचे साधारण ४० ते ६० ठोके देतात, तिथं दुखण्याच्या जागी मुंग्या जाणवतात, तर नव्या एका पद्धतीत सेकंदाला १०,००० ठोके असतात आणि मुंग्या अजिबात येत नाहीत. तिला अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळाली आणि २०२१ मध्ये शुगरमुळे पाय जळणाऱ्यांसाठीसुद्धा.

पण हे पत्र लिहायचं खरं कारण वेगळंच आहे. या उपचारात आधी ट्रायल मिळते! फक्त तार आत घालतात, बॅटरी बाहेर पट्ट्याला अडकवतात आणि पेशंटला घरी पाठवतात, साधारण आठवडाभर. त्यानं चालून बघायचं, झोपून बघायचं, दुखणं निदान निम्म्यानं कमी झालं तरच कायमचं यंत्र, नाहीतर तार ओढून काढायची आणि विषय संपला. दुसऱ्यांदा मणका उघडायला निघालेल्या माणसाला हे कळायला नको का? मणक्याचं ऑपरेशन करून बघितलं आणि नाही जमलं म्हणून परत होतं तसं करता येत नाही.

हे यंत्र सगळ्यांसाठी नाही, तेही सांगतो. नस बरी होत नाही, दुखणं दबतं, आणि तेही पूर्ण जाईलच असं नाही. तार सरकू शकते, इन्फेक्शन होऊ शकतं, शुगर कंट्रोलमध्ये नसेल तर जास्तच. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना सांगायलाच पाहिजे, आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. चार्जिंगवाली बॅटरी बरीच वर्षं चालते, बिनचार्जिंगची काही वर्षांनी बदलावी लागते, आणि सगळा खर्च लाखांत जातो. म्हणून इन्शुरन्सवाल्यांकडून ट्रायलच्या आधीच लेखी मंजुरी घ्या, तोंडी "होईल की"वर विश्वास ठेवू नका.

आणि कृपा करून बाजारात मिळणाऱ्या करंटच्या पट्ट्याशी याची गल्लत करू नका. पट्टा कातडीवर काम करतो, कुणाला थोडा वेळ बरं वाटतही असेल, माझी तक्रार नाही, पण "मज्जारज्जूचा परदेशी उपचार" म्हणून घरोघरी पट्टे विकणारे बघितले की डोकं फिरतं.

सीमाप्रश्न सुटेल तेव्हा सुटेल, पण दुखणं घेऊन आपला माणूस मिरज, कोल्हापूर, हुबळी करतोच, मग तिथं पोचल्यावर काय विचारायचं एवढं तरी त्याच्या हातात असावं: माझं दुखणं नसेचं आहे का, पेन स्पेशालिस्टना दाखवू का, ट्रायल होईल का. जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस तरी पेन ओपीडी चालू व्हावी, आणि सरकारी आरोग्य योजनेच्या काउंटरवर या उपचाराला मदत मिळते की नाही ते मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहून लावावं. तुमच्या आरोग्य पुरवणीत एखाद्या पेन स्पेशालिस्टना बोलावून वाचकांचे प्रश्न घ्या, ते कात्रण मी दुकानात काचेवर चिकटवीन.

— एक औषध दुकानदार, शहापूर, बेळगाव