पांढऱ्या पेट्रोलच्या डब्यात जड तेल आढळल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

आपल्या कंपनीचे, ‘डाग न ठेवता उडणारे’ असे छापलेले पांढरे पेट्रोल (५ लिटरचे दोन डबे) आम्ही यंत्रमागाच्या साड्यांवरचे तेलाचे डाग काढायला घेतले. डाग निघाले, पण जागोजागी रुपयाएवढी पिवळसर कडी उरली. इस्त्री फिरली की ती जास्तच उठून दिसतात.

हलके पेट्रोल आधी उडते आणि त्यातले जड तेल पसरत ओल्या भागाच्या काठाशी साचते, म्हणून हे कडे पडते. दोष कापडाचा नाही याची खात्री केली. सावलीत, इस्त्री-शेगडीपासून लांब, काचेवर दहा थेंब टाकले. नेहमीच्या मालाचे थेंब काही मिनिटांत उडाले, काच कोरडी. तुमचे तासाभरानेही बोटाला ओशट लागत होते आणि वास रॉकेलचा. १०० मिलिलिटरचे वजन नेहमीच्या मालाचे ६९ ग्रॅम, तुमच्या मालाचे ७३. तेवढेच रॉकेल ८० ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा जड माल असावा. डबे भरताना नळीत उरलेल्या आधीच्या तेलाने एवढा फरक पडत नाही. रंगकामातले मिनरल टर्पेंटाइनही असेच जड, १४५ ते २०५ अंश सेल्सिअसला उकळते. ते रंगाच्या ब्रशला चालते, रेशमाला नाही.

जरीची काळजी त्याहून मोठी. नीट शुद्ध न केलेल्या तेलातले गंधक चांदी-तांब्याला काळे करते. एका साडीच्या काठावर पेट्रोलचा बोळा फिरला तेवढीच जरीची तार काळवंडली आहे, दोन बोटे अंतरावरची लख्ख आहे. तो काठ कापून ठेवला आहे, तपासायला देऊ.

या बॅचचा उकळण्याचा पल्ला, उडाल्यावर उरणारा अंश आणि तांब्याच्या पट्टीची चाचणी (मालातल्या गंधकाने पट्टी काळी पडते का ती), यांचा अहवाल पाठवा. दोन्ही डबे तुमच्या खर्चाने परत न्या (ज्वालाग्राही माल आम्ही कुरिअरने पाठवणार नाही), पैसे परत करा आणि खराब झालेल्या साड्यांची भरपाई द्या. बॅच क्रमांकाचे फोटो आणि बिल सोबत आहे.

आणखी एक. डब्यावरची धोक्याची सूचना फक्त इंग्रजीत आहे. बेळगावच्या वडगाव, शहापूर, खासबाग या भागांत बोळा हातात धरणारी माणसे मराठी आणि कन्नड वाचतात. त्यांच्यासाठी दोन्ही भाषांत छापा.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ.

आपले,
साडी फिनिशिंग करणारे कारागीर
वडगाव, बेळगाव