ओझरच्या धावपट्टीजवळ एक 'आयुका' हवी

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

मा. महोदय,
स. न. वि. वि.

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-१ए विमान तिथूनच आकाशात झेपावलं. त्या उड्डाणाची चित्रफीत मी तीन-चार वेळा पाहिली, दर वेळी ऊर भरून आला. आधी मिग, मग सुखोई, आता तेजस. लढाऊ विमानं आपल्या नाशिक जिल्ह्यात बनतात, पण विमानविद्येत संशोधन करायचं तर आमच्या मुलांना पवईची आयआयटी, नाहीतर थेट बंगळुरू, कानपूर किंवा परदेश गाठावा लागतो. पवईच्या जागा किती, हे आपण जाणताच. म्हणून ओझरला विमानविद्येचं संशोधन केंद्र व्हावं, यासाठी हे पत्र.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात तेवीस वर्षं शिकवलं. आमचा एका मोठ्या उद्योगाशी सामंजस्य करार झाला. फोटो निघाले, कराराची फ्रेम प्राचार्यांच्या दालनात लागली. माझ्या एका एम.टेक.च्या विद्यार्थिनीला कंपोझिटचे (तंतू आणि राळ यांपासून बनलेल्या हलक्या, मजबूत पदार्थाचे) थर भाराखाली एकमेकांपासून कसे सुटतात, यावर काम करायचं होतं. आठ महिने आम्ही अर्ज करत राहिलो. ना गेटपास आला, ना चाचणीचे नमुने. शेवटी तिनं संगणकावर सिम्युलेशन करून प्रबंध पुरा केला. चांगला केला, पण तुटलेला एक तुकडाही हातात न घेता. हे मला अजून बोचतं. त्या करारात सगळं होतं. विद्यार्थ्याला पैसे कोण देणार आणि उद्योगातला कोणता माणूस त्याला मार्गदर्शन करणार, एवढंच नव्हतं.

कारखाना आणि विद्यापीठ एकमेकांना धरून चालले की काय होतं, हे या देशानं एकदा पाहिलं आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगळुरूला विमानांचा कारखाना काढला. दोनच वर्षांनी तिथल्या भारतीय विज्ञान संस्थेत विमान अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला. तिथं शिकवायला होते डॉ. विष्णू माधव घाटगे, जर्मनीत गॉटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केलेला मराठी माणूस. पुढे तेच घाटगे कारखान्यात गेले आणि १९५१ मध्ये त्यांच्या रचनेचं एचटी-२ हे प्रशिक्षण विमान उडालं. वर्गातला माणूस कारखान्यात जाऊ शकला, म्हणून ते घडलं.

आणि संस्था कशी असावी, याचा नमुना तर पुण्यातच आहे. १९८८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं डॉ. जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली आयुका, म्हणजे खगोलशास्त्राचं आंतरविद्यापीठ केंद्र, उभारली. लहान गावातल्या महाविद्यालयाचा शिक्षकही तिथं सहयोगी म्हणून येतो, काही आठवडे राहतो, काम करतो, परत जाऊन मुलांना शिकवतो. आदित्य-एल१ या यानावरून सूर्याची अतिनील छायाचित्रं टिपणारी 'सूट' दुर्बीण याच आयुकानं इस्रोच्या साथीनं घडवली.

विमान आणि अवकाश तंत्रज्ञानासाठी असंच आंतरविद्यापीठ केंद्र ओझरला व्हावं, ही माझी मागणी आहे. संरक्षण उत्पादनाचा कारखाना आपली दारं विद्यार्थ्यांना सताड उघडणार नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून केंद्र फाटकाबाहेर हवं. गंज, धातूचा थकवा (वारंवारच्या भारानं कमकुवत होणं), कंपोझिटला भोकं पाडताना सुटणारे थर हे प्रश्न गोपनीय नसतात, आणि त्यांवर डझनावारी पीएचडी होऊ शकतात. प्रत्येक संशोधकाला दोन मार्गदर्शक असावेत, एक विद्यापीठातला, एक कारखान्यातला. आणि फेलोशिप महिन्याच्या महिन्याला मिळावी. फेलोशिपसाठी उपोषणाला बसलेली मुलं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

पीएचडीवर माझा एवढा भर का, तेही सांगतो. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा जेमतेम एक किलोचा 'स्वयम्' उपग्रह २२ जून २०१६ रोजी अवकाशात गेला. आतल्या चुंबकांच्या बळावर, वीज न खर्चता तो दिशा धरायचा. किती देखणी कल्पना! तीनच महिन्यांनी मुंबई आयआयटीचा 'प्रथम' गेला. दोन्ही प्रकल्पांना आठ-नऊ वर्षं लागली, आणि पदवी असते चार वर्षांची. ज्यांनी पहिला आराखडा काढला, ती मुलं केव्हाच बाहेर पडली होती. मधल्या बॅचेसनी एकमेकांच्या वह्या वाचत काम ओढून नेलं. पाच-सहा वर्षं एका जागी टिकणारा पूर्णवेळ संशोधकच असं काम सलग ठेवू शकतो.

कारखाना केंद्र सरकारच्या अखत्यारीतला आहे, त्यामुळे संरक्षण मंत्रालयाशी बोलावं लागेल. पण जागा राज्य देऊ शकतं. आपल्या विद्यापीठांचे पीएचडीचे नियम, शिक्षकांना दोन वर्षं केंद्रात पाठवण्याची मुभा, त्यांच्या जागी नेमणुका, हे सगळं आपल्याच खात्यात होऊ शकतं. निदान अभ्यासगट नेमा आणि त्यात ओझरच्या कारखान्यातला एक अनुभवी अभियंता जरूर घ्या. टिपणं काढायला, माहिती गोळा करायला माणूस लागला तर मला बोलवा. एसटीनं येईन, मानधन नको.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापक