ताई, त्या 48 आकड्यांसाठी मनापासून थँक्यू

ताई, नमस्कार,

नाव लिहू नका असं तुम्ही बजावलंत म्हणून नाव लिहीत नाही, पण आभार मानल्याशिवाय मला राहवत नाहीये. तुम्ही माझ्या जावेच्या मैत्रीण, माहेर मालवणचं, नोकरी पुण्यात, यापलीकडे मला तुमची काही माहिती नव्हती आणि तुम्हाला माझी तर तेवढीही नव्हती, तरी रविवारचे साडेतीन तास तुम्ही आमच्यासाठी फोन कानाला लावून बसलात.

झालं काय होतं ते सगळ्यांसाठी सांगते. मिरगाच्या तोंडावरचा पाऊस, आमच्या देवगडच्या बाजूला वारा सुटलेला, कॉम्प्युटर बंद करताना अपडेट लागलं, स्क्रीनवर टक्के वाढत होते, बंद करू नका असं लिहिलेलं होतं आणि तेवढ्यात लाईट गेली. युपीएसची बॅटरी कधीचीच उतरलेली. संध्याकाळी लाईट आली तर कॉम्प्युटर चालू व्हायचा, ते गोल गोल फिरत राहायचं, रिपेअर करतोय म्हणायचा आणि परत पहिल्यापासून तेच, रात्री अकरापर्यंत तेच. दुसऱ्या दिवशी बाजारात नेला तर ते म्हणाले फॉर्मॅट मारावा लागेल, आतलं काही राहणार नाही. मी कॉम्प्युटर तसाच उचलून घरी आणला.

त्यात काय होतं ते तुम्हाला फोनवर नीट सांगता आलं नाही, रडू येत होतं. सहा सीझनचा आमच्या आंब्याचा हिशोब, कोणाला किती पेट्या गेल्या, पत्ते, यंदाची उधारी, 2018 ला हापूसला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळाल्यावर आम्ही नोंदणी केली ते कागद, सासूबाईंचे शेवटच्या दोन वर्षांचे फोटो, आणि सगळ्यात मोठं म्हणजे अण्णांचे शब्द. अण्णा म्हणजे माझे सासरे, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. चार वर्षं रोज सकाळी चहा झाला की एका बोटाने टाईप करून ते मालवणी शब्द जमवतायत, मांगर, व्हाळ, गडगो, कुळागर, प्रत्येकापुढे अर्थ आणि कोणाच्या तोंडून ऐकला ते. त्याची दुसरी कॉपी नव्हती. अण्णा काही बोलले नाहीत पण त्या दिवशी जेवले पण नाहीत.

आणि तुमचं पहिलं वाक्य काय, तर "घाबरू नको गो, फॉर्मॅट अजिबात करायचा नाही, आतलं सगळं आत तसंच आहे." ताई, त्या एका वाक्याने मी भानावर आले.

मग तुम्ही सांगितलंत की कॉम्प्युटर सुरू व्हायला लागला की पॉवरचं बटण दाबून धरून बंद करायचा, असं लागोपाठ दोनतीनदा, म्हणजे तो स्वतःच रिकव्हरीचा निळा स्क्रीन दाखवतो. आला. तिथून ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग अनइन्स्टॉल अपडेट्स. आणि तिथेच त्याने रिकव्हरी की मागितली, 48 आकडी, कारण डिस्क लॉक केलेली होती आणि ते आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. ही की ज्याच्या अकाउंटवरून कॉम्प्युटर पहिल्यांदा सेट केला त्याच्याकडे असू शकते हे तुम्हाला सुचलं म्हणून बरं, तो माझ्या भाच्याने डोंबिवलीत घेऊन सेट करून पाठवलेला. त्याच्या अकाउंटमध्ये दोन कीज निघाल्या, एक त्याच्या लॅपटॉपची, मग आमच्या स्क्रीनवरच्या आयडीची पहिली आठ अक्षरं जुळवून आमची कुठली ते तुम्ही ठरवून दिलंत.

टॉवरचा डेटा बंद, मेसेज जाईना, कॉल तेवढा लागायचा आणि तोही खळ्यात माडाखाली उभं राहिलं तर. भाचा आकडे सांगतोय, मी तिथून ओरडून सांगतेय, अण्णा ओटीवर बसून जुन्या कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने लिहून घेतायत. दोन म्हटलं की तीन ऐकू यायचं. तेव्हा तुम्ही म्हणालात, सहा सहा आकड्यांचे आठ गट आहेत आणि प्रत्येक गटाला 11 ने भाग जातो, तेवढं तपासा, एक आकडा जरी चुकला तरी लगेच कळेल.

हे मी अण्णांना सांगितलं आणि ते ताठ बसले. "ह्यां माका येता." चौथीपाचवीच्या पोरांना आयुष्यभर शिकवलेली कसोटी! एक आड एक आकडे मिळवायचे, दोन बेरजांचा फरक शून्य किंवा 11 च्या पटीत आला पाहिजे. खरी की इथे लिहीत नाही, नुसता नमुना देते. 274835 घ्या, 2, 4, 3 ची बेरीज 9 आणि 7, 8, 5 ची 20, फरक 11, बरोबर. पहिल्या 2 च्या जागी 3 ऐकलं असतं तर फरक 10 आला असता. अण्णांनी आठ गटांतले दोन चुकीचे पकडले, ते परत विचारून घेतले, आणि मग मी एकेक आकडा दाबत गेले तर उघडलं ताई, पहिल्याच फटक्यात उघडलं.

शेवटचं अपडेट काढून टाकायला वीसेक मिनिटं लागली. डेस्कटॉप आला, त्यावर सासूबाईंचा तुळशीकडचा फोटो. अण्णांनी आधी आपली फाईल उघडून शेवटचा शब्द आहे का बघितलं, मग पाणी मागितलं.

तुम्ही तिथेही सोडून दिलं नाहीत. अपडेट थोडे दिवस पॉझ करा पण कायमचं बंद करू नका, त्यातच सिक्युरिटीची दुरुस्ती येते, हे तुम्ही दोनदा सांगितलंत. युपीएसला नवी बॅटरी घातली. सगळा डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतला, डिस्क काढून कपाटात ठेवलीय. कीचा कागद सातबाऱ्याच्या फाईलमध्ये आहे. आणि परवा दिवसा, लाईट नीट असताना तेच अपडेट परत टाकलं, काही झालं नाही.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, पेटी पाठवते म्हटलं तर सीझन संपलाय म्हणून टाळलंत. एप्रिलमध्ये पहिल्या तोडीची पाच डझनाची येणार म्हणजे येणार, पत्ता जावेकडून घेतलाय. गणपतीला माहेरी आलात की आमच्याकडे नक्की या. तुमचे वडील होडीवर होते असं बोलता बोलता तुम्ही म्हणालात ते अण्णांनी ऐकलंय, जाळ्याच्या वेगवेगळ्या भागांना तुमच्याकडे काय म्हणतात ते त्यांना विचारायचंय, फाईलमध्ये त्यांनी तेवढी जागा रिकामी ठेवलीय.

तुमची,
देवगडची वहिनी