पद भरलं, वर्ग रिकामाच

मा. शालेय शिक्षण व साक्षरता मंत्री,
कर्नाटक राज्य, बंगळूर

महोदय,

मोरारजी देसाई वसतिशाळा आणि आदर्श विद्यालयं सहावीला प्रवेश परीक्षा घेऊन मुलं निवडतात. खानापूर-बेळगाव तालुक्यांतलं साधं सरकारी हायस्कूल कुणालाच गाळत नाही. सातवीचा दाखला आणला की आठवीच्या हजेरीपटावर नाव. पुस्तकं, गणवेश, दुपारचं जेवण मिळतं. 'शक्ती' योजनेमुळे जून 2023 पासून मुलींना बसचं भाडंही लागत नाही. जांबोटी-कणकुंबीकडच्या पोरींची शाळा त्यामुळे सुटायची वाचते, हे श्रेय सरकारचंच.

घोडं पेंड खातं ते वर्गात. मराठी माध्यमाच्या वर्गावर कन्नड माध्यमातले शिक्षक येतात.

दहावीच्या गणितातलं वर्तुळाचं प्रकरण घ्या. मराठी माध्यमातलं मूल 'स्पर्शिका' आणि 'जीवा' वाचतं. कन्नड माध्यमात शिकून आलेले गुरुजी 'स्पर्शक' आणि 'ज्या' सांगतात. त्रिज्या तेवढी दोघांची एकच! प्रमेय बरोबर सिद्ध होतं, गुरुजींची चूक काहीच नाही. पण मूल ते नुसतं पाठ करतं आणि पेपरात आकृती फिरवून आली की अडतं.

शिक्षकांच्या बदलीच्या समुपदेशनात, म्हणजे शाळा निवडायच्या फेरीत, पीसीएम (भौतिक-रसायन-गणित), सीबीझेड (रसायन-वनस्पती-प्राणिशास्त्र) असा विषय बघितला जातो, माध्यम मागे पडतं. जागा कागदावर भरली की अतिथी (तात्पुरत्या) शिक्षकाचा रस्ताही बंद, कारण तो रिक्त जागेवरच घेतात. म्हणजे रिकामी जागा एकवेळ परवडली.

मातृभाषेतून शिक्षणाची सोय सांगणारं घटनेचं 350 अ कलम प्राथमिक टप्प्यापुरतं आहे, ठाऊक आहे. पण दहावीचा पेपर सरकार मराठीतून काढतं, पुस्तकंही मराठीत छापतं. मग शिकवणाराच तेवढा का वगळावा?

समुपदेशनाच्या यादीत विषयाशेजारी माध्यमाचा रकाना घाला. मराठी शिक्षक मिळेपर्यंत त्या विषयाला मराठी अतिथी शिक्षक राहू द्या. गणित-विज्ञानाच्या संज्ञांची मराठी-कन्नड पुस्तिका प्रत्येक शिक्षकाच्या हाती द्या. पन्नासेक पानांत काम भागेल. आणि आठवीतला 'सेतुबंध', म्हणजे मागचं कच्चं राहिलेलं भरून काढणारा उजळणी वर्ग, जूनमध्ये उरकू नका. ज्याला मराठी परिच्छेद अडखळत वाचावा लागतो, त्याला सप्टेंबरपर्यंत रोज एक तास वाचनाचा हवा.

शाळा मेअखेरीस उघडतात. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधात विधिमंडळाचं अधिवेशन भरतं तोवर निम्म्याहून अधिक वर्ष सरलेलं असतं. रकाना त्याआधीच्या यादीत दिसायला हवा.

आपले,
सीमाभागातील मराठी माध्यमाचे शिक्षक व पालक